पडवी किती फूट?

चार फूट रुंद, तीस फूट लांब पडवी. किंवा आठ फूट रुंद, पंधरा फूट लांब पडवी. कागदावर दोन्ही १२० चौरस फूट. ठेकेदार दोन्हींना एकच दर लावतो आणि नकाशातल्या तक्त्यात दोन्ही एकाच आकड्यानं बसतात. पण पहिल्या पडवीत चपला राहतात, सायकल राहते, रिकामा सिलिंडर राहतो. माणसं राहतात दुसऱ्या पडवीत. घर बांधायची बोलणी चौरस फुटांत सुरू झाली की हा फरक कुणाच्याच तोंडी येत नाही. आमच्याकडेही आला नव्हता.

आमच्याकडे म्हणजे माझ्या सासरी, सिंधुदुर्गात. जुन्या घराची मागची बाजू बसली, वाशांना वाळवी लागली, आणि डागडुजी करण्यापेक्षा पाडून नवं बांधू असं ठरलं. धाकट्या भावजींनी मुंबईहून नकाशा करून आणला. तीन बेडरूम, प्रत्येकीला बाथरूम, पुढे गाडीसाठी पोर्च आणि पोर्चच्या बाजूनं वळून जाणारा, ‘सिटआउट’ असं लिहिलेला साडेचार फुटी पट्टा. माझी नजर पोर्चवर होती. १० बाय १८. आजकालच्या बऱ्याच छोट्या गाड्या करसवलतीमुळे ४ मीटरच्या आत बसवलेल्या असतात, म्हणजे जेमतेम १३ फूट. तरीही दारं उघडायला दोन्ही बाजूंना जागा हवी, डिकी उघडायला मागे हवी, म्हणून तिला १० बाय १८. योग्यच आहे. गाडीचं दार उघडायला किती जागा लागते हे सगळ्यांना पाठ असतं. खुर्चीत बसलेल्या माणसाला पाय लांब करायला किती लागते, हे मात्र त्या टेबलाभोवतीच्या एकालाही सांगता येईना.

म्हणून आम्ही मोजलं. प्लॅस्टिकची खुर्ची पुढून मागे दोन फुटांच्या आतबाहेर. तिच्यात ताठ बसलं तर पावलापर्यंत अडीच-तीन फूट, आणि माणूस सैलावला, पाय पसरले, की साडेतीन. समोर दुसरी खुर्ची असेल तर दोघांचे गुडघे एकमेकांना लागू नयेत एवढं अंतर धरून सहा फूट संपले. आणि अजून कुणी त्यांच्यामधून किंवा मागून गेलेलं नाही. चहाचा ट्रे घेऊन जाणाऱ्या बाईला दोन फूट तरी हवेत. साडीचा पदर आणि उंबरठा दोन्ही सांभाळायचे असतील तर अडीच. हे सगळं धरलं तर साडेआठ. साडेचार फुटी पट्ट्यात खुर्च्या भिंतीला पाठ लावून एका ओळीत ठेवाव्या लागतात. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. दवाखान्याबाहेर नंबर लावून बसतात तसे घरचेच लोक बसतात आणि थोड्या वेळानं उठून आत जातात.

ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकारानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली हेच नेमक्या आकड्यात मांडलं होतं. सहा फुटांपेक्षा कमी खोलीच्या बाल्कन्या आणि पोर्च लोक जवळजवळ वापरत नाहीत, असं त्यांचं निरीक्षण होतं. ते अमेरिकेतल्या घरांबद्दल लिहीत होते, पण आमच्या ठाण्याच्या फ्लॅटची साडेतीन फुटी बाल्कनी त्यांना पुरता दुजोरा देते. तिथे वॉशिंग मशीन आहे, वाळत घातलेले कपडे आहेत, एक तुळस आहे. बसणारं कुणी नाही. रेरा कायद्याच्या २०१६च्या व्याख्येप्रमाणे बाल्कनी कार्पेट एरियात धरत नाहीत, त्यामुळे ती घरात आहे की घराबाहेर हे कागदालाही नक्की सांगता येत नाही. मुंबईत तर कित्येक घरांनी ती काचा लावून खोलीत ओढून घेतली. लोक त्याला जागेची हाव म्हणतात. मला तसं वाटत नाही. साडेतीन फुटांत बाहेर म्हणून काही करता येत नाही, पण तेच साडेतीन फूट आतल्या खोलीला जोडले तर तिथे पलंग सरकतो. मापच असं दिलं की माणूस हेच करणार.

या सहा फुटांच्या नियमाला चाळीनं मात्र तोंडघशी पाडलं आहे. गिरगावातल्या चाळींच्या गॅलऱ्या अरुंदच. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. तरी त्या गॅलऱ्यांत जेवढं आयुष्य गेलं तेवढं कुठल्याही बंगल्याच्या टेरेसवर जात नसेल. कारण तिथे कुणी गॅलरीत खुर्ची टाकून बसत नाही. एक कठड्याला रेलून उभी, दुसरी स्वतःच्या उंबरठ्यावर, तिसरी खोलीत तांदूळ निवडता निवडता तिथूनच बोलते आहे. गॅलरीची रुंदी खोलीतून उसनी घेतलेली असते, आणि खाली चौक असतो तो वेगळाच. शिवाय आतली खोली एवढीशी की माणूस बाहेर ढकललाच जातो. बीडीडी चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची होती. आमच्या नकाशातल्या एका बेडरूमपेक्षा थोडी मोठी, आणि तिच्यात अख्खं कुटुंब. तेव्हा नुसता आकडा पाठ करून भागत नाही. तिथे कोण, कशाला, कोणत्या वेळी बसणार हे आधी ठरवावं लागतं. आम्हाला गावच्या घरी कठड्याला रेलून उभं राहायचं नव्हतं, आणि पलीकडे बघायला चौकही नव्हता.

मी म्हणाले, पडवी आठ फूट करू. सगळ्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं.

“वयनीनू, पडवी आठ फूट करूक माझी ना नाय. पण मगे वासो डोक्याक लागतलो, तेवा माका गाळी घालू नकात.”

मग त्यांनी पोत्यावर खडूनं जे काढून दाखवलं, ते मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत असते. कौलारू घरात पडवीचं छप्पर वेगळं नसतं, मुख्य छपराचाच उतार पुढे येतो. मंगलोरी कौलांना तीस अंशांच्या आसपास उतार हवा; कमी केला तर वाऱ्याबरोबर पाणी कौलाखाली उलटं चढतं. तीस अंश म्हणजे दर फुटाला सात इंच खाली. आमच्या लोट्याच्या, म्हणजे पडवीमागच्या ओटीच्या, भिंतीवर छप्पर साडेदहा फुटांवर येणार होतं. तिथून सहा फूट पुढे आलं की साडेतीन फूट उतरतं, खांबापाशी उंची राहते सात फूट. आठ फूट पुढे आणलं तर चार फूट आठ इंच उतरतं आणि खांबापाशी उरतात पाच फूट दहा इंच. कौलांची कड खांबाच्या आणखी फूटभर पुढे असते, ती अजून सात इंच खाली. भावजी पाच अकरा आहेत. ते ताबडतोब साडेचार फुटांच्या बाजूनं झाले.

म्हणजे कोकणातली पडवी किती रुंद, हे बसणाऱ्याच्या आधी पाऊस ठरवतो. पावसाला उतार हवा, उतार डोक्यावर येतो, आणि मधल्या फटीत माणसानं आपली जागा शोधायची. भिंत उंच करावी तर चिऱ्यांचे थर वाढतात, आणि ते पडवीपुरते वाढत नाहीत, सगळ्या घराचे वाढतात. उतार कमी करावा तर गळती. स्लॅब घालावा, हा भावजींचा उपाय. पण कोकणातल्या स्लॅबवर शेवटी गळती थांबवायला पत्र्याचं छप्पर चढतंच, हे तालुक्यातल्या कुठल्याही रस्त्यानं जाताना दिसतं.

मिस्त्रींकडे उत्तर होतं, आणि ते जुन्या घरातच पडलेलं होतं. जुनी पडवी लोट्यापेक्षा एक पायरी खाली होती. आसपासच्या सगळ्या जुन्या घरांतही ती तशीच असते. त्यात मानपान आहे, आतला-बाहेरचा भेद आहे, ते सगळं खरं. पण त्या एका पायरीनं नऊ इंच उंचीही मिळते. जमीन नऊ इंच खाली घेतली की खांबापाशी पाच-दहाचे सहा फूट सात इंच होतात, आणि कड बरोबर सहा फुटांवर येते. आत येणारा माणूस कडेखालून येतो तेव्हा तो अजून खालच्या पायरीवर असतो, त्यामुळे कड त्याच्याही डोक्याला लागत नाही. सवय नसलेला थोडा वाकेल. वाकू दे.

आणि याचा दुसरा फायदा पावसाळ्यात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो सरळ पडेल अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही. समजा सर पंचेचाळीस अंशांत आली. मग कड जेवढी उंच, तेवढाच पाऊस आत येणार. सहा फूट रुंद पडवीला तीच पायरी दिली, तरी तिची कड सात फूट दोन इंचांवर; पाऊस कडेपासून तेवढाच आत, म्हणजे थेट भिंतीवर. पडवी पूर्ण ओली. आठ फूट पडवीची कड सहा फुटांवर. पाऊस कडेपासून सहा फूट आत, त्यातला एक फूट खांबाच्या बाहेरच जिरला, म्हणजे पडवीत पाच फूट. भिंतीलगत तीन फूट कोरडे राहतात. एक माणूस घोंगडी पांघरून बसेल, कुत्रं अंग मुडपून झोपेल, छत्र्या टेकवता येतील, एवढे. फक्त दोन फूट वाढवून हा फरक पडतो, कारण पडवी रुंद होते तशी कडही खाली येते. पूर्वी याच्या पुढे नारळाच्या झापांचा आडोसा बांधत. आता ताडपत्री किंवा हिरवी जाळी.

ज्यांनी खळ्यावर, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उंच पत्र्याची शेड उभी केली त्यांनी हाच हिशेब उलटा केला. बारा फुटांवर पत्रा, म्हणजे तिरका पाऊस बारा फूट आत. उन्हात तोच पत्रा तापून खालच्यांना भाजतो. लग्नकार्याला, भात वाळवायला शेड सोयीची, हे मान्य. पण दुपारी तीन वाजता तिच्याखाली कोण बसलेलं आहे ते बघावं. कोणी नसतं. सगळे अजूनही जुन्या, बुटक्या पडवीत.

माझं माहेर मराठवाड्यातलं, माळवदाचं. तिथे हा प्रश्नच नव्हता. सपाट छप्पर, वर पांढरी माती, पाऊस बेताचा. कडेला वाकावं लागत नाही. तिथे रुंदी ठरते लाकडाच्या लांबीवर. दोन खांबांमधला एक खण, आणि घर मोठं म्हणजे जास्त खणांचं. खण वाढवता येतो तो लाकडाला पेलेल तेवढाच. ढाळजेत आजोबा बसत. दारातून आत आलं की बाजूला उंचावर ती बसायची जागा. रस्ता दिसतो, पण रस्त्यावरून आत काही दिसत नाही. बाहेर चाळीस-बेचाळीस अंश तापमान असताना जाड भिंतीला पाठ लावून बसण्यात जे सुख होतं, त्यात फुटांचा संबंध कमी आणि भिंतीच्या जाडीचा जास्त. म्हणून पुण्या-मुंबईच्या मासिकांत ‘पारंपरिक व्हरांडा’ म्हणून एकच चित्र सगळ्यांना विकतात ते मला पटत नाही. लातूरच्या उन्हात आठ फूट उघडी पडवी म्हणजे भट्टीचं तोंड, आणि कोकणात ढाळज म्हणजे बुरशी.

आमच्याकडून खाली गेलं की गोवा. तिथल्या जुन्या घरांच्या दारापुढचा बाल्काव मला नेहमी हुशारीचा वाटत आला आहे. पायऱ्यांच्या दोन बाजूंना बांधीव बैठका, समोरासमोर. खुर्चीला मागे सरकायला जागा लागते, बैठकीला लागत नाही. खुर्ची कुणीतरी आत नेतं, पावसात भिजते, पाहुणे वाढले की कमी पडते. बांधलेली बैठक कायम तिथेच, आणि ती समोरासमोर असल्यानं माणसं बोलतात. आम्ही ते उचललं. खांबांच्या रेषेत चिऱ्याचा कट्टा घातला, उंची सोळा इंच. रुंदीवरून मात्र बराच वेळ गेला. बसायला दीड फूट पुरते. पण दुपारी आडवं व्हायचं तर दोन फूट लागतात, आणि कोकणात कट्टा बांधायचा आणि त्यावर दुपारी आडवं व्हायचं नाही, हे जमणारं नाही. तरी शेवटी दीड फूटच ठेवला. दोन फुटी कट्टा आणि आठ फुटी पडवी यांत चालायला उरलं असतं सहा फूट, आणि झोपाळ्यानं तंटा केला असता.

झोपाळ्याचं गणित अनेक घरांत फसतं, म्हणून थोडं सांगते. पाच फूट लांब, दोन फूट रुंद फळी. वरची तुळई भिंतीपासून खांबापर्यंत आडवी, त्यामुळे फळी पडवीच्या रुंदीत बसते आणि झोका पडवीच्या लांबीत जातो. तुळई साडेसहा फुटांवर, फळी जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे साखळी पाच फूट. बेतानं, तीस अंशांपर्यंत झोका घेतला तर फळी पुढे-मागे अडीच-अडीच फूट जाते. दोन फूट फळीचे आणि पाच झोक्याचे. चोवीस फूट लांबीतले सात फूट झोपाळ्याचे. दाराच्या समोर टांगला की येणारा-जाणारा मार खातो. तो टोकालाच हवा. कट्टा वजा जाता पडवी मोकळी साडेसहा फूट, त्यात फळी पाच, बाजूनं दीड फूट अंग चोरून जाता येतं. मुलं तीस अंशांवर थांबत नाहीत हे मला माहीत आहे. कुठल्याच घराचा नकाशा मुलांना पुरत नाही.

गणपतीत इथेच भजनाला माणसं बसतात आणि इथेच पंगत. पाट दीड फूट, ताट सव्वा, मिळून तीन धरा, वाढणाऱ्याला अडीच. साडेपाच झाले, म्हणजे मोकळ्या साडेसहात भिंतीकडेनं एक पंगत आरामात. माणशी दोन फूट धरून, झोपाळा काढून ठेवला तर बारा पानं. समोरासमोर दोन पंगती हव्या असतील तर साडेआठ मोकळे लागले असते. त्यासाठी खळ्यात मांडव आहेच.

बाकी खोल्यांबद्दल फार बोलावं असं नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीचं किमान क्षेत्रफळ साडेनऊ चौरस मीटर आणि किमान रुंदी २.४ मीटर सांगितली आहे. नुसतं क्षेत्रफळ सांगून ती थांबत नाही, हे शहाणपण मला आवडलं; नाहीतर कुणी पाच फुटी बोगद्यालाही खोली म्हणून विकलं असतं. बेडरूम आम्ही तीनच्या दोन केल्या. पलंगाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट मोकळे आणि कपाटाचं दार उघडेल एवढं समोर. बेडरूममध्ये माणूस बहुतेक वेळ डोळे मिटून असतो, तिला याहून जास्त देण्यात मला अर्थ दिसत नाही.

खरी खडाजंगी स्वयंपाकघरात झाली. ओट्याची उंची चौतीस इंच, असं सगळेच सांगतात. सासूबाई चार फूट दहा इंच. ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली असावा. त्यांचा कोपर छत्तीस-साडेछत्तीस इंचांवर येतो, म्हणजे ओटा बत्तीसच्या आत. “पण पुढे सून येईल ती उंच असेल,” असं कुणीतरी म्हणालं. येईल तेव्हा येईल! आज जी रोज तीन वेळा तिथे उभी राहते तिचे खांदे दुखतात, आणि जी अजून ठरलीही नाही तिच्या मापानं ओटा बांधायचा? ओटा साडेएकतीस झाला. मी पाच फूट चार आहे. सुट्टीत आठ दिवस मी वाकेन.

मग मागची पडवी. नकाशात ती चार फूट होती आणि तिला ‘युटिलिटी’ म्हटलेलं होतं. पुढच्या पडवीवर एवढा काथ्याकूट करणाऱ्या आमच्यापैकी कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नव्हतं, आणि याचं कारण उघड आहे. पुढच्या पडवीत पुरुष बसतात, पाहुणे बसतात. सुखाचं माप तिथलं घेतलं जातं. मागच्या पडवीत कोकमाची सोलं वाळतात, फणस फुटतो, मासे साफ होतात, नारळ खवले जातात, आणि दुपारी शेजारच्या बायका येऊन टेकतात त्याही तिथेच. वर्षाचे तास मोजले तर मागची पडवी पुढचीच्या दुप्पट वापरात असेल.

सासूबाई त्या दिवशी एवढा वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी आडाळो, म्हणजे नारळ खवायची विळी, आणला, आखणी केलेल्या जागेवर ठेवला, त्यावर बसल्या, समोर ताट ठेवलं, बाजूला नारळाची टोपली सरकवली आणि मिस्त्रींना म्हणाल्या, “माका हयसर बसूचा आसा. आता हयसून धर माप.”

मिस्त्रींनी धरलं. बसलेल्या बाईला टोपलीसकट साडेतीन फूट, समोर दुसरी बसली तर सात, आणि कळशी घेऊन जाणारीला वाट. नऊ फूट भरले. मागे पडवीची जमीन आणखी एक पायरी खाली गेली, तिथून विहिरीकडे पाणी वाहून जायला उतारही आयताच मिळाला. पण एवढे फूट आणायचे कुठून? पुढे खळ्यापर्यंत जागा संपलेली, मागे विहीर. भावजी बराच वेळ नकाशाकडे बघत होते. शेवटी त्यांनीच पेन्सिल घेऊन १० बाय १८ च्या चौकोनावर फुली मारली. गाडीला बाजूला स्वतंत्र शेड करणार म्हणतात. फक्त फणसाखाली नको, एवढंच मिस्त्रींनी त्यांना सांगून ठेवलं आहे.